एक रेकॉर्ड कमी

टेबलात रेकॉर्ड आहे. सगळं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावलं की तो समोर येतो. तोच रेकॉर्ड इंडेक्सवरून शोधायला सांगितला की डेटाबेस म्हणतो, शून्य. एरर येत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही, सर्व्हर धडधाकट चालू असतो. प्रश्न एक, उत्तरं दोन, आणि दोन्ही उत्तरं देताना इंजिनाचा सूर तोच.

डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला रात्री-अपरात्री उठवणारे बग बरेच असतात. सर्व्हर पडला तर पाच मिनिटांत सगळ्या ऑफिसला कळतं. क्वेरी मंदावली तर फोन खणखणू लागतात. या बगचा मात्र फोन येत नाही. ज्याचा रेकॉर्ड सापडत नाही तो माणूस कुठल्या तरी काउंटरसमोर उभा असतो. पलीकडचा कारकून स्क्रीनकडे बघून सांगतो, ‘तुमचं नाव दिसत नाहीये’, आणि तो माणूस कागदांची पिशवी सावरत घरी जातो. इंडेक्स म्हणजे काय ते त्याला माहीत नसतं, असायचं कारणही नाही. त्याच्या वतीने कोणीतरी हे आधीच पाहायला हवं होतं, एवढंच त्याचं न बोललेलं म्हणणं असतं, आणि ते मला पूर्ण रास्त वाटतं.

त्यात तो बग रिग्रेशन असेल तर आणखी बोचतो. कालपर्यंत नीट चालत होतं ते नवं व्हर्जन घेतल्यावर बिघडलं. अपग्रेड करणाऱ्याने सगळं रीतसर केलेलं असतं: बॅकअप घेतला, रविवारची रात्र निवडली, सूचना वाचल्या. आळस करून जुन्यावरच बसलेला वाचतो आणि वेळेवर काम करणारा सापडतो. असं एकदा झालं की माणसं अपग्रेडलाच घाबरू लागतात आणि मग सुरक्षेचे पॅचही वर्षानुवर्षं लागत नाहीत. इंजिनातल्या एका चुकीचे पडसाद असे लांबवर जातात.

मी कोपरला राहतो. डोंबिवली आणि दिवा यांच्यामधलं हे स्टेशन दोन मजली आहे: खाली मध्य रेल्वेची मुख्य लाइन, तिच्यावरून आडवी जाणारी दिवा–वसई लाइन, आणि दोन्ही फलाटांना जोडणारे जिने. फास्ट गाड्या इथे न थांबता जातात. भिवंडी-वसईकडे निघालेली माणसं जिना चढून वर वाट पाहत बसतात, कारण वरच्या लाइनीवर गाड्या मोजक्या. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी मंडळी पवई, ऐरोली, ठाणे इथल्या ऑफिसांतून रात्री परततात. जेवणं उरकली, घर शांत झालं की माझा पोस्टग्रेस या डेटाबेस इंजिनाचा वेळ सुरू होतो. हे काम मला कोणी दिलेलं नाही. हे इंजिन उघड्यावर लिहिलं जातं. त्याची प्रत्येक ओळ, त्या ओळीवरचा वाद, ती कोणी कधी का बदलली याची नोंद, सगळं वाचायला मिळतं. कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेला हा प्रकल्प आज जगभरातली माणसं मिळून चालवतात आणि कोपरच्या एका बेडरूमला त्यात शिरायला परवानगी लागत नाही. याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सुरुवातीला सांगितलेल्या बगची, म्हणजे पोस्टग्रेस १४.४ ची हकिगत मी अशीच रात्री बसून मुळापासून वाचली. पोस्टग्रेसचं १४ वं व्हर्जन ३० सप्टेंबर २०२१ ला आलं. त्यातल्या एका सुधारणेमागचा हेतू अगदी चांगला होता. चालू कामात मोठ्या टेबलावर नवा इंडेक्स बांधायचा असला की साध्या पद्धतीत टेबलावरचं लिहिणं थांबवावं लागतं. दिवसाढवळ्या ते कोणाला परवडत नाही. म्हणून २००६ च्या ८.२ पासून ‘कन्करंटली’ ही सोय आहे: लोकांचं लिहिणं चालू राहतं आणि इंडेक्स शेजारी बांधला जातो. त्याला वेळ लागतो, मोठ्या टेबलावर तासन्‌तास. तेवढा वेळ इंडेक्स बांधणारी प्रक्रिया एका ठरावीक क्षणाचं चित्र धरून बसते आणि त्या चित्रात दिसणारी कुठलीही जुनी आवृत्ती झाडून टाकायची नाही, असा नियम असल्यामुळे सगळ्या डेटाबेसमध्ये कचरा साचत जातो. १४ मध्ये ठरवलं गेलं की कचरा झाडताना अशा इंडेक्स बांधणाऱ्यांचं चित्र जमेस धरायचं नाही. दुसऱ्या टेबलांच्या बाबतीत हे ठीकच होतं. ज्या टेबलावर इंडेक्स बांधला जात होता, नेमक्या त्याच टेबलातल्या जुन्या आवृत्त्याही मात्र झाडल्या जाऊ लागल्या.

त्यातून काय घडतं हे समजायला पोस्टग्रेसची एक सवय माहीत हवी. रेकॉर्ड बदलला की हे इंजिन जुन्यावर खाडाखोड करत नाही. शेजारी नवी आवृत्ती लिहितं आणि जुनी, कोणालाच नकोशी झाली की, मागाहून काढतं. पूर्वी प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागे. टेबलावर दहा इंडेक्स असतील आणि कोणी फक्त फोन नंबर बदलला तरी दहाही ठिकाणी लिहिणं आलं. यावरचा उपाय ८.३ मध्ये, फेब्रुवारी २००८ ला आला. त्याचं नाव ‘हीप ओन्ली टपल’, म्हणजे हॉट. त्या मोठ्या बदलाच्या कमिटवर पवन देवलसी यांचं नाव आहे, सोबत इतर बऱ्याच जणांच्या मदतीचा उल्लेख. देवलसी तेव्हा एंटरप्राइझडीबीत होते. या कंपनीचं मोठं केंद्र पुण्यात आहे आणि पोस्टग्रेसच्या आतल्या भागात हात घालणारी मराठी माणसं त्या शहराने बरीच दिली आहेत.

हॉटची कल्पना चाळीच्या भाषेत चटकन कळते. सात नंबरच्या खोलीतला भाडेकरू बाराव्या खोलीत गेला. चाळ तीच आहे. पोस्टमनच्या वहीत, दूधवाल्याच्या वहीत, रेशनच्या वहीत सात लिहिलेलं असलं तरी अडत नाही. सातच्या दारावर खडूने ‘बारा’ लिहिलं की येणारा माणूस पाच दारं पुढे जातो. सगळ्या वह्या बदलत बसायची मेहनत वाचते. अटी दोनच: माणूस त्याच चाळीत राहिला पाहिजे, म्हणजे नवी आवृत्ती त्याच आठ किलोबाइटच्या पानावर बसली पाहिजे, आणि वह्यांमध्ये जे लिहिलेलं आहे त्यातलं काही बदललेलं नसावं. वही आडनावावरून लावलेली असेल आणि आडनावच बदललं तर खडूचा बाण पुरत नाही.

१४ मधल्या बिघाडात झालं ते असं: नवी वही भरायला बसलेला माणूस ठरावीक क्षणाचं चित्र घेऊन दारोदार फिरत होता. तो सातच्या दाराशी पोचण्याआधीच सफाईवाल्याने जुनी पाटी काढून नेली. बाराव्या खोलीतला भाडेकरू त्याच्या चित्रात अजून ‘आलेला’ नव्हता. सात रिकामं, बारा अदृश्य. त्याने दोन्ही दारं ओलांडली आणि त्या माणसाची नोंद नव्या वहीत झालीच नाही.

मी १४.३ लॅपटॉपवर उभं केलं आणि हे घडताना पाहिलं. टेबल आमच्याच लाइनीचं केलं होतं: दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, अशी स्टेशनांची नावं आणि त्यांखाली काल्पनिक पासधारकांचे ढीगभर रेकॉर्ड. एका खिडकीत पीजीबेंच हे ताण देणारं साधन सतत अपडेट मारत होतं, दुसऱ्या खिडकीत मी इंडेक्स बांधून पाडत होतो, पुन्हा बांधत होतो. दर वेळी बांधून झाला की अ‍ॅमचेक चालवायचं. हे तपासणीचं साधन टेबलातला एकेक रेकॉर्ड घेऊन त्याची इंडेक्समध्ये जोडी आहे का ते पाहतं. बऱ्याच वेळा सगळं स्वच्छ निघे. मग एकदा ती ओळ आली: अमुक पानावरच्या अमुक रेकॉर्डला इंडेक्समध्ये जुळणारी नोंद नाही. मी तो रेकॉर्ड उघडला. कोपरचाच एक पासधारक होता. इंडेक्स बाजूला ठेवून मोजणी केली तेव्हा तो धरला गेला, इंडेक्सवरून मोजणी केली तेव्हा एकाने कमी. दोन्ही खिडक्यांतलं काम थांबवून मी त्या आकड्यांकडेच बघत राहिलो. वाचून माहीत असलेली गोष्ट स्वतःच्या पडद्यावर घडली की तिचं वजन वेगळं असतं.

पोस्टग्रेसची दुरुस्तीची व्हर्जनं ठरलेल्या वेळापत्रकाने तीन-तीन महिन्यांनी येतात. १४.३ मे २०२२ मध्ये आलं होतं, पुढचं ऑगस्टमध्ये यायचं. या बगसाठी ते वेळापत्रक मोडून १६ जून २०२२ ला १४.४ काढलं गेलं. त्यातली दुरुस्ती काय होती? केलेली सुधारणा मागे घेतली. आणखी हुशार कोड लिहून ती वाचवायचा प्रयत्न त्या घडीला झाला नाही. कचरा पुन्हा साचू लागणार हे माहीत असून वेग सोडला आणि उत्तर राखलं. मला या निर्णयाबद्दल मनापासून आदर आहे. ज्यांनी महिनोन्‌महिने विचार करून एखादी गोष्ट घडवली त्यांनीच ती जाहीरपणे उचलून बाजूला ठेवायची, याला मन मोठं लागतं. १४.४ च्या सूचनेत कोणावर दोषारोप नाही. काय बिघडलं, का, आणि वापरणाऱ्यांनी आता काय करायचं, एवढंच आहे.

याच ‘कन्करंटली’ने १४.४ च्या पाच वर्षं आधीही असाच घोळ घातला होता. तो बग काटेकोर अर्थाने रिग्रेशन म्हणता येणार नाही. तो बराच आधीपासून दडून होता. माझ्या मते पोस्टग्रेसच्या इतिहासातली ही सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट आहे. हॉटनंतर देवलसी एका पुढच्या कल्पनेवर काम करत होते. तिचं नाव वॉर्म. इंडेक्समधलं एखादं मूल्य बदललं तरी बाकीच्या वह्यांना हात लावायला लागू नये, असा तिचा उद्देश. जानेवारी २०१७ मध्ये ते या पॅचवर जबरदस्त ताण देणाऱ्या चाचण्या चालवत असताना एक विसंगती सापडली. पहिला संशय अर्थातच नव्या कोडवर, म्हणजे स्वतःच्याच कामावर. बरीच खणाखणी केल्यावर दिसलं की वॉर्म निर्दोष आहे आणि चूक मूळ इंजिनात आहे.

ती कुठे होती? हॉटची दुसरी अट आठवा: वह्यांत लिहिलेलं काही बदललेलं नाही ना, हे पाहायचं. त्यासाठी इंजिन एक छोटी यादी जवळ ठेवतं: या टेबलाच्या कोणत्या कॉलमांवर इंडेक्स आहेत. नवा इंडेक्स आला की ‘यादी जुनी झाली’ असा निरोप येतो आणि यादी फेकली जाते. हा निरोप यादी तयार होत असतानाच आला तर? निरोपाप्रमाणे जुनी यादी रद्द व्हायची खरी, पण जिचं काम अर्ध्यावर होतं ती यादी पूर्ण होऊन पुन्हा ‘ताजी’ म्हणून जागेवर बसायची. त्यात नव्या इंडेक्सचा कॉलम नसायचा. मग त्या कॉलममध्ये बदल झाला तरी इंजिनाला वाटायचं, यावर वहीच नाही, खडूचा बाण पुरे. नवा इंडेक्स जन्मतःच चुकीचा. निरोप नेमका त्या फटीत पडायला हवा, म्हणून हा बग इतकी वर्षं कोणाच्या नजरेस आला नाही. ९ फेब्रुवारी २०१७ ला, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, त्या वेळी देखभालीत असलेल्या पाचही व्हर्जनांना, ९.२ पासून ९.६ पर्यंत, दुरुस्ती मिळाली. त्या दुरुस्तीच्या सूचनेत देवलसी आणि पोस्टग्रेसवरच काम करणारे टॉम लेन यांची नावं आहेत.

वॉर्म पोस्टग्रेसमध्ये कधीच सामील झालं नाही. बरीच चर्चा झाली, पॅचच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या आल्या आणि शेवटी ते बाहेरच राहिलं. कामाचा हिशेब फक्त सामील झालेल्या ओळींवर मांडला तर ती मेहनत वाया गेली असं कोणी म्हणेल. मी तसं मुळीच मानत नाही. त्या न स्वीकारल्या गेलेल्या कोडला ताण देताना जो दोष सापडला तो जगातल्या कुठल्या कुठल्या सर्व्हरवर माणसांचे रेकॉर्ड गिळत होता. हॉट घडवणाऱ्या माणसाने नऊ वर्षांनी त्याच्याच शेजारची एक फट शोधून बुजवली, यात मला एका कारागिराची आपल्या कामाशी असलेली सलगी दिसते. वस्तू विकून मोकळं व्हायची सोय इथे नाही. लिहिलेली ओळ आपल्या नावासह तिथेच राहते आणि तिच्याकडे परत यावं लागतं.

चाचण्यांनी हे आधी का पकडलं नाही, हा प्रश्न कोणीही विचारेल. पोस्टग्रेसबरोबर रिग्रेशन टेस्टचा मोठा संच येतो. एका फोल्डरमध्ये क्वेऱ्या, दुसऱ्यात त्यांची अपेक्षित उत्तरं अक्षरशः लिहून ठेवलेली. चालवल्यावर आलेलं उत्तर आणि लिहिलेलं उत्तर यांत एका अक्षराचाही फरक पडला तर तो वेगळ्या फाइलीत दाखवला जातो. नवा कमिट झाला की जगभरातल्या स्वयंसेवकांची यंत्रं तो आपापल्या जागी बांधून ही परीक्षा घेतात. प्रत्येक यंत्राला एका प्राण्याचं नाव दिलेलं असतं. क्रेक, स्किंक, लाँगफिन अशी नावं लाल झाली की रात्री झोपायला निघालेला माणूसही परत बसतो. पण या परीक्षेत बहुतेक वेळा एकेक क्वेरी शिस्तीत येते. दोन कामं एकमेकांच्या अंगावर नेमक्या वाईट क्षणी आदळणं हा वेगळा प्रकार. त्यासाठी २०११ च्या ९.१ पासून वेगळी व्यवस्था आहे: दोन सत्रांच्या पायऱ्या कोणत्या क्रमाने एकमेकींत गुंफायच्या ते हाताने लिहून द्यायचं. पण तो क्रम आधी कोणाला तरी सुचावा लागतो.

डेटाचंही तसंच. चुकीची क्वेरीसुद्धा साध्यासुध्या डेटावर बरोबर उत्तर देऊन जाते. कोपरहून स्लो गाडी पकडून कांजूरमार्गला उतरलं की पवईची आयआयटी जवळ येते. तिथे प्राध्यापक एस. सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सडेटा नावाचा प्रकल्प याच मुद्द्यावर उभा केला. एखादी क्वेरी घ्यायची, तिच्यात मुद्दाम बारीक चूक घालायची (‘पेक्षा लहान’च्या जागी ‘लहान किंवा समान’, साध्या जॉइनच्या जागी आउटर जॉइन) आणि मग असा इवलासा डेटा तयार करायचा की त्यावर मूळ क्वेरी आणि बिघडवलेली क्वेरी यांची उत्तरं वेगळी यावीत. विद्यार्थ्यांच्या क्वेऱ्या तपासायलाही ते वापरलं गेलं. ज्या सुदर्शनांचं नाव सिल्बरशॅट्झ आणि कोर्थ यांच्या जोडीने डेटाबेसच्या पाठ्यपुस्तकावर देशभरच्या मुलांनी वाचलेलं असतं, त्यांचं हे काम त्या मुलांना कमी माहीत असतं, ही मला चुटपूट आहे. पाठ्यपुस्तक शिकवतं क्वेरी कशी चालते. एक्सडेटा शिकवतं, ती चुकली तर ते तुम्हाला दिसेल का?

वेगाच्या मागे लागणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. क्वेरी इंजिन ही मुळातच वेगासाठी केलेली रचना आहे. त्यातला प्लॅनर दहा वाटा तोलून सर्वांत स्वस्त वाट निवडतो आणि त्या वाटा वाढवत नेणं हे मोलाचं काम आहे. आशुतोष बापट यांनी लिहिलेला पार्टिशन-वाइज जॉइन ऑक्टोबर २०१७ मध्ये कमिट झाला आणि पुढच्या वर्षी पोस्टग्रेसच्या ११ व्या व्हर्जनमधून लोकांच्या हाती आला. तुकड्यांत विभागलेली दोन प्रचंड टेबलं जोडताना तुकड्याला तुकडा जोडायचा, अशी ती कल्पना. योग्य ठिकाणी तिचा फायदा मोठा आहे. पण प्लॅन करतानाच मेमरी आणि वेळ जास्त लागू शकतो, म्हणून ती सेटिंग मुळात बंद ठेवून दिली गेली. ज्याला हवी त्याने विचार करून चालू करावी. आपण केलेली गोष्ट सगळ्यांवर एकदम न लादण्याचा हा संयम मला फार आवडतो.

रिग्रेशन शोधायची रीतही सुंदर आहे. जुनं व्हर्जन बरोबर, नवं चूक, मध्ये हजार कमिट. गिटचं बायसेक्ट मधोमध एक कमिट उचलून देतं. तो बांधायचा, चाचणी चालवायची, बरोबर की चूक सांगायचं. अर्धी बाजू गळते. हजारातून दहाएक पायऱ्यांत गुन्हेगार कमिट हाती लागतो. मात्र प्रत्येक पायरीला ‘बरोबर की चूक’ हे ठामपणे सांगता आलं पाहिजे आणि जो बग कधी दिसतो, कधी दिसत नाही, त्याच्या बाबतीत तीच अडचण असते. चाचणी पास झाली म्हणजे बग नाही की या खेपेला नशिबाने निसटला? म्हणून आधी तो हमखास घडवून आणता येईल अशी छोटी चाचणी बनवण्यात बहुतेक वेळ जातो. ती बनली की दुरुस्ती कित्येकदा चार ओळींची असते. माझ्या लेखी खरी कामगिरी ती चाचणीच. चार ओळी उद्या कोणीतरी पुन्हा बदलेल, पण तेव्हा ती चाचणी तिथे असेल.

ऑफिसांमधून हमखास निसटणारी एक गोष्ट अजून सांगायची राहिली. १४.४ किंवा त्यापुढचं व्हर्जन टाकल्याने इंजिन दुरुस्त होतं, आधी बांधलेला इंडेक्स दुरुस्त होत नाही. ज्या वहीत नाव चढलंच नव्हतं त्या वहीत ते आपोआप चढत नाही. १४.० ते १४.३ या काळात ‘कन्करंटली’ने जे जे बांधलं किंवा नव्याने बांधलं ते सगळं पुन्हा बांधा, असं १४.४ च्या सूचनेतच लिहिलेलं आहे. २०१७ च्या सूचनेतही हाच सल्ला होता. व्हर्जनचा आकडा वाढलेला पाहून लोक निश्चिंत होतात आणि तिथेच थांबतात. तुमच्याकडे १४ वर चालणारा, त्या महिन्यांत उभा केलेला डेटाबेस असेल तर अ‍ॅमचेक चालवा, आणि चालवताना ‘हीप-ऑल-इंडेक्स्ड’ हा पर्याय द्यायला विसरू नका. तो नसेल तर इंडेक्सची रचना तपासली जाते, गहाळ झालेले रेकॉर्ड शोधले जात नाहीत. मोठ्या टेबलावर वेळ लागेल. शनिवारी रात्री लावून ठेवा आणि रविवारी सकाळी अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.